राजीनाम्याचं जेवण

आमच्या साप्ताहिकात राजीनामा दिला म्हणजे नोकरी सोडली, असा अर्थ कधीच होत नसे. राजीनामा दिला म्हणजे माणूस रुसला. लग्नात जावई रुसतो तसा. जावई रुसला म्हणून कोणी लग्न मोडत नाही. त्याची समजूत काढतात, त्याला पाटावर बसवतात, आणि तोही थोडं ताणून मग मुकाट्यानं जेवतो. आमच्याकडे तीच रीत होती. ती इतकी अंगवळणी पडली होती की ही आपली एक रीत आहे, बाहेरच्या माणसाला ती सांगावी लागेल, हेसुद्धा आमच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

रीत पाडली भाऊंनी. भाऊ म्हणजे आमचे जुने मालक. मनानं मोठा माणूस, पण तोंडानं अत्यंत फटकळ. मथळा आवडला नाही तर अख्ख्या छापखान्यासमोर सालटी काढायचे. ज्याची सालटी निघाली तो जेवणाच्या सुट्टीआधी एक झकास राजीनामा लिहून भाऊंच्या टेबलावर ठेवायचा आणि सरळ घरची वाट धरायचा. भाऊ तो वाचून ‘बरं’ एवढंच म्हणायचे. संध्याकाळी स्वारी त्या माणसाच्या दारात हजर, हातात शेवेचा पुडा. घरात दुपारीच कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली असायची, कारण आज भाऊ येणार हे घरच्या बाईला न सांगता कळायचं. मग भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरून कच्च्या तेलाची धार. जेवताना पोरांच्या शाळेचं, केळीच्या भावाचं, कोणाच्या सोयरिकीचं बोलणं. राजीनाम्याचा विषय चुकूनही निघायचा नाही. उठताना भाऊ खिशातून घडी घातलेला तो कागद काढून त्या माणसाच्या हातात द्यायचे आणि तो माणूस न बघता खिशात घालायचा. संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या जागेवर.

मी तिथे उपसंपादक होतो, मीही दिलेले आहेत असे राजीनामे. आमचा फोरमन तर बाजारात वांगी चांगली आली की राजीनामा देतो, अशी आम्ही त्याची चेष्टा करायचो. माझ्या बायकोला माझ्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. मी दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ती विचारायची, ‘भाऊ एकटेच येणार, का कोणी सोबत?’

पुढे भाऊ गेले. त्यांच्या मुलांना साप्ताहिकात काडीचा रस नव्हता. ती मुंबईत आणि कुठे कुठे स्थिरावली होती. वर्षभर त्यांनी ते कसंबसं चालू ठेवलं आणि नव्वद सालानंतर एका इंजिनियरला विकून टाकलं.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा आमचे संपादक. मूळचे धुळ्याकडचे, तरुणपणी जळगावात आले ते इथलेच झाले. लग्न केलं नाही. थोरली विधवा बहीण, तिला सगळे अक्का म्हणत, ती त्यांचं घर बघायची. आबांना साप्ताहिकाशिवाय दुसरं काहीही नव्हतं. हे मी शोभेसाठी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी ऑफिस बंद असायचं तर ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसून ऑफिसच्या बंद दाराकडे बघत चहा प्यायचे. त्यांना सिनेमा नाही, नाटक नाही, देवाधर्माचं फारसं नाही. साठी उलटलेली होती. हा माणूस त्या खुर्चीवरून उठला तर कुठे बसेल, हा प्रश्न आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन गेला होता आणि प्रत्येकानं तो घाईघाईनं झटकला होता.

आबांच्या अग्रलेखाची एक खास पद्धत होती. ते आधी विरुद्ध बाजू मांडायचे, आणि अशी मांडायचे की त्या बाजूच्या माणसाला स्वतःलाही इतकी चांगली मांडता आली नसती. वाचणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर खरंच आहे की! आणि मग मध्यावर आल्यावर ‘परंतु’ असा एकच शब्द लिहून ते पुढच्या अर्ध्या भागात त्या सगळ्याची वाताहत करायचे. सावदा, जामनेर, पहूरपर्यंतचे वाचक ‘परंतु’ची वाट बघत पहिला अर्धा भाग वाचायचे. पहूरला माझे वडील पारावर बसून अग्रलेख मोठ्यानं वाचायचे आणि ‘परंतु’ आला की थांबून सगळ्यांकडे बघायचे.

नवे मालक बत्तीस-तेहतीस वर्षांचे असतील. जिल्ह्यातलेच, पण शिक्षण आणि पहिल्या नोकऱ्या बाहेर. पुण्यात त्यांची दुकानदारांना लागणारे हिशोबाचे प्रोग्रॅम बनवणारी कंपनी होती. जळगावात कॉम्प्युटरचे क्लास काढले आणि ते असे धो धो चालले की पोरं जिन्यावर बसून शिकायची. अशा माणसाला साप्ताहिक कशाला हवं होतं? मला वाटायचं, नाव हवं असेल. फोरमन म्हणायचा, जाहिरातीचा खर्च वाचवायचा असेल. आम्ही दोघंही चुकत होतो, पण ते फार उशिरा कळलं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं सोपं होऊन बसेल. त्यानं गळकं छप्पर बदललं, नवे पंखे लावले. आमच्यात एक ताई होत्या, वर्गणीदारांचं आणि पत्रव्यवहाराचं काम बघायच्या. त्यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृह बांधून घेतलं, जे भाऊंना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. कधी आवाज चढवला नाही. सगळ्यांना अहोजाहो. आणि खरं सांगू का, आमची पंचाईत तिथेच होती. भाऊ ओरडायचे तेव्हा आम्हाला आपण कुठे उभे आहोत ते कळायचं. हा माणूस ‘प्लीज’ म्हणायचा आणि आमच्या पायाखालची जमीन सरकायची.

मागच्या खोलीतले छपाईचे खिळे ठेवायचे लाकडी घोडे हलवून तिथे थंड हवेचं यंत्र बसलं, कॉम्प्युटरची पांढरी खोकी आली, खोकीसमोर ऑपरेटर मुलं आली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, कारण धूळ चालत नाही. आबा म्हणाले, ‘देवळात मी चपला काढतो, कारण तिथे देव असतो. इथे कोण आहे?’ आणि ते कधी आत गेलेच नाहीत. मजकूर लिहून द्यायचे, मुलं घेऊन जायची. त्यामुळे पान कसं लागतं ते त्यांना दिसेनासं झालं, आणि आबा काय करतात ते मालकांना दिसेनासं झालं. दोघांच्या मध्ये मी. मालक मराठी बोलायचे, आबाही मराठीच बोलायचे, आणि तरी मी दिवसभर दुभाष्याचं काम करायचो. ‘स्पेस कमी आहे’ म्हणजे काय ते आबांना सांगायचं आणि ‘मजकुराला श्वास लागतो’ म्हणजे काय ते मालकांना. माझं डोकं उठायचं. घरी येऊन मी पोरांवर खेकसायचो.

मग तो अग्रलेख झाला. त्या हंगामात केळीचे व्यापारी वजनातून भलतीच कपात करत होते आणि सावद्याकडचे बागायतदार तापलेले होते. आबांनी त्यावर लिहिलं. नेहमीप्रमाणे आधी व्यापाऱ्यांची बाजू: रेल्वेच्या वाघिणी वेळेवर मिळत नाहीत, माल वाटेतच पिकतो, दिल्लीला पोचेपर्यंत त्यातला किती सडेल याचा भरवसा नाही, मग नुकसान एकट्या व्यापाऱ्यानंच का सोसावं? वाचून व्यापाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं. मग ‘परंतु’, आणि पुढे त्यांची अशी धुलाई की काही विचारू नका.

त्याच पानावर आयत्या वेळी कॉम्प्युटर क्लासची जाहिरात आली. जागा पुरेना. ऑपरेटरला कोणीतरी शिकवलं होतं की मजकूर जास्त झाला की खालून कापायचा, कारण महत्त्वाचं सगळं वर असतं. बातमीत ते खरंही आहे. त्यानं अग्रलेख खालून कापला. ‘परंतु’च्या बरोबर वर. तिथे एक वाक्य नीट संपत होतं, त्यामुळे कापलंय हे कोणाच्या लक्षातही येऊ नये इतकं ते सफाईदार दिसत होतं.

अंक बाहेर गेला आणि दुसऱ्याच दिवशी सावद्याहून काही शेतकरी एसटीनं आले. भांडायला आले असते तर बरं झालं असतं. ते येऊन आबांच्या समोर उभे राहिले. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ, साप्ताहिकाचे जुने वर्गणीदार, हळूच म्हणाले, ‘काय आबा, तुम्ही बी त्याइच्यातले झाले का?’ आबांना अजून काय छापलंय तेही माहीत नव्हतं. दुसरा म्हणाला, ‘आम्ही तं तुमच्या भरोशावर होतो.’ ताईंनी अंक आणून आबांच्या हातात दिला. आबांनी वाचला, शेवटी आले, पान उलटलं, मागं बघितलं, पुन्हा उलटलं.

मालकांना कळलं तेव्हा ते स्वतः केबिनमधून बाहेर आले, शेतकऱ्यांची माफी मागितली, ऑपरेटरला समज दिली. मग आबांना म्हणाले, ‘आबा, प्रॉब्लेम मोठा नाही. उरलेला भाग पुढच्या अंकात टाकू.’

‘उरलेला भाग?’ आबा म्हणाले. ‘अग्रलेख म्हणजे काय केळीचा घड आहे? अर्धा आज पिकला, अर्धा पुढच्या आठवड्यात?’

मालक गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मला काही भाषांतर सुचलं नाही. खरं तर मला स्वतःलाच इतका संताप आला होता की मला भाषांतर करायचंच नव्हतं.

त्या दुपारी आबांनी राजीनामा लिहिला. एकट्याचा नाही, सगळ्यांचा. भाऊंच्या वेळीही एकदा आम्ही असा सामुदायिक राजीनामा दिला होता आणि तेव्हा भाऊंनी शेवेबरोबर जिलबीही आणली होती. आबांनी मन लावून मजकूर केला. ‘लेखणीच्या स्वातंत्र्याचा जिथे अवमान होतो तिथे क्षणभरही थांबणे आम्हास शक्य नाही’ वगैरे. वाचून दाखवला तेव्हा फोरमननं मान डोलावली. आम्ही तिघांनी सह्या केल्या. ताई पेन हातात घेऊन थांबल्या. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि घर त्यांच्या एकटीवर चालत होतं.

‘ह्या मालकांना कळेल ना?’ त्या म्हणाल्या.

‘काय कळायचंय त्यात?’ मी जरा तोडूनच बोललो.

त्यांनी सही केली. आबांनी कागद मालकांच्या हातात दिला. मालकांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. चेहरा पडला होता. ‘तुम्ही सगळ्यांनी नीट विचार केलाय?’ असं त्यांनी विचारलं.

‘विचार करूनच लिहिलंय,’ आबा म्हणाले. असं म्हणायचंच असतं. रुसलेला जावई काय म्हणेल, की नाही बुवा, उगीच रुसलोय?

‘ठीक आहे,’ मालक म्हणाले. ‘मी तुमच्या निर्णयाचा आदर करतो.’

बाहेर आल्यावर फोरमन म्हणाला, ‘भाऊ नुसतं “बरं” म्हणायचे. हा जरा जास्त बोलला.’ आम्ही हसलो. मी घरी गेलो. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘इथं येणार का आबांकडे?’ मी म्हणालो, आबांकडे, तेच थोरले. ती पदर खोचून अक्कांच्या मदतीला गेली.

संध्याकाळी आम्ही सगळे आबांच्या ओसरीवर जमलो. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. एक चांगली खुर्ची मधोमध मोकळी ठेवली होती आणि आम्ही सतरंजीवर. आतून वांग्यांचा, लसणीचा, मिरचीचा वास येत होता. रस्त्यावरून एखादी स्कूटर गेली की सगळ्यांच्या माना वळायच्या. अंधार पडला. अक्का दारात येऊन त्यांच्या अहिराणीत ‘उना का तो?’ म्हणजे आला का, असं विचारून गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा आल्या. ‘त्याले घर सापडनं नई व्हई. कोनी जाईसन लई या ना.’

‘अक्का, असं आणायला जायचं नसतं,’ आबा म्हणाले. ‘त्यानं यायचं असतं.’

मग अक्काच म्हणाल्या, ‘भरीत करेल शे. तो उना नई ते नई, तुम्ही बठ्ठा जेवी ल्या.’ आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा जमलो. बाहेरगावी गेला असेल, असं कोणीतरी म्हणालं. तिसऱ्या संध्याकाळी ताई आल्या नाहीत. आबांचा सदरा मात्र रोज धुतलेला असायचा आणि ती खुर्ची मोकळी असायची.

आठवड्याभरानं पोस्टमन आला. प्रत्येकाच्या घरी एकेक लिफाफा. आत कॉम्प्युटरवर छापलेला कागद: आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे, आपल्या सेवेबद्दल आम्ही ऋणी आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सगळ्यांना मजकूर तोच. बायकोनं तो वाचला आणि स्टोव्हसमोर मटकन खाली बसली. मी ओरडलो, ‘रडतेस काय?’ आणि तोच कागद उचलून पुन्हा पहिल्यापासून वाचला. दोन पोरं शाळेत, घर भाड्याचं, आणि मला या एका कामाशिवाय काही येत नव्हतं.

आबांकडे गेलो तर ते शांत होते. मला ती शांतता बघवेना. ते म्हणाले, ‘अरे, तो इंजिनियर आहे. आधी कागद पुरा करणार, मग येणार. त्याची पद्धत वेगळी, एवढंच.’ लिफाफा त्यांनी उघडलाही नव्हता. अक्का आतून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलेलं होतं.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. फोरमन जामनेरला लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे लागला. ज्याच्या हाताखाली चार-चार जण असायचे तो तिथे एकटा पायानं मशीन मारायचा. ताईंनी घरी शिकवण्या धरल्या. मला समोरून येताना दिसल्या की त्या रस्ता बदलायच्या, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी एसटीनं धुळ्याला गेलो. तिथल्या एका दैनिकाचे संपादक आबांना मानणारे होते. त्यांनी चहा मागवला, आबांच्या ‘परंतु’बद्दल अर्धा तास भरभरून बोलले. मग म्हणाले, ‘तुम्हाला कॉम्प्युटर येतो का हो? आता आम्हालाही तसाच माणूस लागतो.’ परत येताना पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली होती आणि मी खिडकीला डोकं टेकून चक्क रडलो. शेजारच्या बाईनं मला घरात कोणी गेलं का, म्हणून विचारलं.

धुळ्याहून आल्यावर मी ठरवलं, आता लाज धरून चालणार नाही. कोणाला न सांगता मालकांकडे गेलो.

चपला काढून आत गेलो. आमच्या जागांवर चार नवी मुलं बसली होती. आबांच्या खुर्चीवर चष्मा लावलेला एक पोरगेला तरुण होता आणि तो मन लावून काहीतरी वाचत होता. मालक मला बघून उठूनच उभे राहिले. मी सगळं सांगून टाकलं. भाऊ, शेव, भरीत, घडी घातलेला कागद. सांगताना माझं मलाच ते पोरखेळासारखं वाटायला लागलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता.

‘म्हणजे तुम्ही माझी वाट बघत होतात?’ ते म्हणाले.

‘रोज.’

त्यांनी डोक्याला हात लावला. ‘मी तुमची वाट बघत होतो. कोणीतरी येईल, म्हणेल की रागात लिहिलं. मी तुमच्या टेबलांना कोणाला हात लावू दिला नाही. सात-आठ दिवस इथेच बसून होतो. घरी यावंसं फार वाटलं. पण मला वाटलं, माणसानं जायचं ठरवल्यावर त्याच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे त्याच्यावर दबाव टाकणं. त्याचा अपमान करणं. मी ज्या कंपनीत होतो तिथे हेच शिकलो.’ मग ते म्हणाले, ‘माझे वडील आबांचे अग्रलेख कापून ठेवायचे. मी हे साप्ताहिक कशासाठी घेतलं असं वाटतं तुम्हाला?’

त्या ऑफिसात आणि आबांच्या घरात अंतर ते किती, दहा मिनिटं चाललं की घर येतं. दोघं आपापल्या जागी एकमेकांची वाट बघत बसले होते. मी मध्ये होतो आणि मी दुभाष्या होतो.

‘मग आता?’ मी विचारलं.

त्यांनी काचेतून बाहेर बघितलं. ‘ही मुलं नाशिकची नोकरी सोडून आलीत. एकानं इथे बिऱ्हाड आणलंय. त्यांना मी शब्द दिला. त्यांना आता काय सांगू? की जा, आधीच्यांचं रागात होतं?’ त्यांचे डोळे भरले होते. वाटलं, हा माणूस खोटारडा असता तर किती बरं झालं असतं! मला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

आबांना सांगावं की सांगू नये, यात दोन दिवस गेले. न सांगावं तर ते रोज सदरा धुऊन बसणार. शेवटी मी सांगितलं. ते वाट बघत होते, एवढं मी सांगितलं, आणि आता जागा भरल्यात हेही सांगितलं. पण मला वाटतं, आबांनी पहिलंच वाक्य ऐकलं. ते ताडकन उठले.

‘वाट बघत होता? मग बसलायस काय? चल.’

‘आबा, पुढचं ऐका तरी...’

‘पुढचं तिथे बघू.’ आणि ते रस्त्याला लागले. मी मागून जवळजवळ पळत होतो. आयुष्यात कोणाच्या दारात न गेलेला तो माणूस भर उन्हात, टोपी न घालता, भराभर चालत होता आणि वाटेत भेटेल त्याला हात करत होता. चहाच्या टपरीवाल्याला तर त्यांनी ओरडून सांगितलं, दोन चहा वर पाठव.

वर गेल्यावर आबा मालकांच्या समोर उभे राहिले. ‘साहेब,’ ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला आणि मला कानकोंडं झालं. ‘मी रागात लिहिलं होतं.’

‘आबा, चूक माझी आहे,’ मालक म्हणाले. ‘मला माहीत नव्हतं.’

‘असू दे. तुम्ही लहान आहात.’

मालकांनी कपाट उघडलं, एका फायलीतून आमचा तो कागद काढला. त्यांना इतकंच म्हणायचं असावं की असलं काही माझ्याकडे नको, याची मला लाज वाटते. घडी घातलेल्या कागदाचं मी सांगितलेलं विसरून त्यांनी तो कागद घडी घालून आबांच्या हातात दिला.

मी ओरडणार होतो, देऊ नका म्हणून. तोवर आबांनी तो न बघता खिशात घातला होता. त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. ते वळले, बाहेरच्या हॉलमध्ये आले. त्यांच्या खुर्चीवरचा तो चष्मेवाला मुलगा म्हाताऱ्या माणसाला बघून अदबीनं उठला, बाजूला झाला. आबा खुर्चीत बसले. टेबलावरचे कोरे कागद पुढे ओढले, खिशातून पेन काढलं, टोपण मागे लावलं.

‘अग्रलेख कधीपर्यंत हवाय?’ त्यांनी विचारलं.

हॉलमधली टकटक थांबली. मालक केबिनच्या दारात उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. तो मुलगाही उभ्यानं माझ्याकडे बघत होता. चहा आला होता, तो कोणी घेतला नाही.

मी आबांच्या जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला. ‘आबा,’ मी म्हणालो, ‘चला, घरी जाऊ.’

‘तू हो पुढे,’ आबा मान वर न करता म्हणाले. ‘मी एवढं लिहून येतो.’